टाकीचा फोन

"कांपुटर खोटं बोलतंय व्हय रं? सांग की! त्याची काय तुझ्याशी दुष्मनी हाय?"

महांतप्पांचा आवाज दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर आदळला, तशी दारात कॅन घेऊन उभी असलेली माणसं जरा मागेच सरकली. दसऱ्याची सकाळ. चौकटीला झेंडूचं तोरण, उंबऱ्यापुढे रांगोळी, आणि मोरीतून मात्र नासलेलं दूध भळाभळा वाहत होतं. अख्ख्या टाकीचं दूध! वास असा सुटला होता की मुरुम गावातली निम्मी मांजरं कुंपणापाशी येऊन बसली होती, आणि सणाच्या दिवशी असं आयतं मिळाल्यावर ती तरी कशाला हलतात.

आप्पांसमोर, म्हणजे केंद्राच्या मालकांसमोर, बलभीम हात बांधून उभा होता. केंद्रातली दूध गार ठेवायची टाकी त्याच्या ताब्यात. लाइट गेली, मशीन बंद पडलं, की ते चालू करायचं, दूध तापू द्यायचं नाही, हे त्याचं काम. रात्री मशीन बंद पडलं होतं आणि बलभीम आला नव्हता. सरळ हिशेब.

"आप्पा, आईची आन घिऊन सांगतो, फोन वाजलाच न्हाय. उशाला घिऊन झोपलो हुतो. वाजला असता तर आलो नसतो व्हय?"

"मग ह्ये काय हाय?" आप्पांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. "शिवकांता, वाच गं. मोठ्यांदा वाच, समद्यांना ऐकू दे."

शिवकांता त्या टेबलामागे बसली होती. केंद्राचा कॉम्प्युटर तिच्याकडे. पडद्यावर रात्रभराच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या होत्या. तिने घसा साफ केला.

"टाकी तापली, कॉल केला. टाकी तापली, कॉल केला. टाकी तापली..."

"बास. ऐकलंस? रातभर बोंबलतंय बिचारं, आन् तू ढाराढूर! झोपलो म्हणून सांगायचं सोडून वर खोटं बोलतूस?"

बलभीमाने आप्पांकडे पाहिलंच नाही. तो शिवकांताकडे बघत होता. "ताई, तुमी तर सांगा की. तुमास्नी ठावं हाय ना मी कसा हाय ते."

आणि शिवकांताच्या तोंडून शब्द फुटला नाही. काय सांगणार? तिनेच लिहिलेला प्रोग्रॅम, तिच्याच पडद्यावरच्या ओळी. ती नुसती कीबोर्डकडे बघत राहिली. अगं बाई, निदान मान तरी हलवायची! पण नाही हलवली.

बलभीमाने करदोट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला.

"झोपलास म्हणला असता तरी सोसलं असतं, आप्पा. माणूस हाय, झोपतो. खोटारडा म्हणलात. त्ये न्हाय सोसायचं."

तो गेला. आप्पा पाठीमागून "जा, जा! टाकी काय बंद पडत न्हाय तुझ्यावाचून," असं ओरडले खरे, पण शेवटच्या शब्दाला आवाज पडला. मग त्यांनी उगाचच कॅनवाल्यांना दम भरला, सकाळचं दूध शेजारच्या छोट्या टाकीत ओतायला लावलं आणि टँकरवाल्याला फोन करायला ते बाहेर निघून गेले.

महांतप्पा हा माणूस असाच. तापला की कढईसारखा, निवला की साय. फक्त निवेपर्यंत समोरच्याचं काय होतं याची कल्पना त्यांना उशिरा येते.

आता या शिवकांताचंही सांगायला हवं. मुरुमच्या एका साध्या घरातली सून. केंद्रात लागली ती दुधाचे आकडे टाइप करायला. पुढे आप्पांच्या पुतण्याने, राजशेखरने, सोलापुरातलं ऑफिस बंद केलं आणि तिथला एक जुना काळा सर्व्हर आप्पांच्या गळ्यात मारला. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. लिनक्स म्हणजे काय ते केंद्रात कुणाला माहीत नव्हतं, शिवकांतालाही नव्हतं. पण बाई चिवट. दुपारी जेवणाचा डबा एका हाताने खात दुसऱ्या हाताने फोनवर व्हिडिओ बघायची आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवायची. हिंदी मास्तर, इंग्रजी मास्तर, जो भेटेल तो तिचा गुरू. चुकलं की स्वतःलाच कानडीत शिव्या घालायची, म्हणजे टाकीपाशी उभ्या बलभीमाला कळू नये. त्याला सगळ्या कळायच्या. सरहद्दीवरच्या माणसाला दोन्हीकडच्या शिव्या येतात.

त्या काळी बलभीम रात्री केंद्रातच झोपायचा. टाकीशेजारी बाज, अंगावर घोंगडी. लग्न झाल्यापासून रात्रीचं जेवण डब्यातलं गार. थंडीत त्याला खोकला लागायचा आणि सकाळी शिवकांता आली की हसून म्हणायचा, "ताई, दूध गार ठिवता ठिवता मीच गार व्हतो की ओ." त्याने विनोद केला होता. हिला मात्र ते लागलं. तिने त्या काळ्या सर्व्हरमध्ये एक राखणदार बसवला. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. तो पडद्यामागे, लाइट गेली तरी बॅटरीवर, न झोपता बसतो आणि टाकीत सोडलेल्या सेन्सरला सारखं विचारतो, बरी आहेस ना, गार आहेस ना? टाकी तापली असं उत्तर आलं की राखणदार शिवकांताने लिहिलेल्या एका छोट्या स्क्रिप्टला, म्हणजे हुकमांच्या यादीला, उठवतो, आणि ती स्क्रिप्ट सर्व्हरला जोडलेल्या सिमकार्डाच्या डबीतून बलभीमाला फोन लावते. मेसेज पाठवून उपयोग नव्हता, त्याला वाचता येत नव्हतं. नुसती रिंग. त्याच्या मोबाइलमध्ये त्या नंबरावर तिने टाकीचा फोटो लावून दिला. फोन उचलायचाच नाही, पळत सुटायचं. त्याचं घर केंद्रामागच्या विहिरीपलीकडे, हाकेच्या अंतरावर.

तेव्हापासून बलभीम रात्री घरी जेवायला लागला. त्याची बायको कस्तुराबाई दुसऱ्याच दिवशी शेंगदाण्याची चटणी घेऊन केंद्रात आली. म्हणाली, "ताई, ह्या टाकीनं माझा नवरा नेला हुता, तुमच्या डबीनं माघारी आणला बघा." तरी रात्री कधी फोन वाजला की नवऱ्याला ढोसून म्हणायची, "उठा, तुमच्या पहिलीचा फोन आलाय!" बलभीम हे सगळ्यांना सांगायचा आणि लाजायचा. आणि घरी जाताना त्या डबीला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. रोज.

असा माणूस फोन वाजल्यावर झोपून राहील? शिवकांताच्या मनाला पटेना. पण तिचा राखणदारही कधी खोटं बोलला नव्हता. दोघांतला एक कुणीतरी खोटा होता, आणि एकाची बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा ती गप्प बसली होती. हे तिला आता जास्त टोचत होतं. घरी पुरण शिजत होतं, सासूबाईंचा फोन येऊन गेला, "येतीस का न्हाय गं?" तिने सांगितलं, "अत्ती, यायला वेळ लागंल. तुम्ही जेवून घ्या."

आणि ती कामाला लागली.

आधी सेन्सर. बरोबर होता, रात्री टाकी कशी हळूहळू तापत गेली ते त्याने नीट कळवलं होतं. मग राखणदार. त्यानेही स्क्रिप्टला वेळेवर उठवलं होतं. राहिली स्क्रिप्ट. शिवकांताने बलभीमाच्या जागी स्वतःचा नंबर देऊन ती हाताने चालवली. पडद्यावर लगेच ओळ आली: कॉल केला.

तिने मोबाइल समोर ठेवला आणि वाट पाहिली. मोबाइल गप्प.

पुन्हा चालवली. कॉल केला. मोबाइल ढिम्म.

"रेंज न्हाय काय?" फरशी पुसत असलेल्या रुद्रम्माने विचारलं. रुद्रम्मा केंद्रातली झाडलोट करणारी. केंद्रात घडणारी प्रत्येक गोष्ट तिला आधी ठाऊक असते, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नाही, असा तिचा स्वतःचा समज आहे.

"रेंज आहे गं," शिवकांता म्हणाली आणि एकदम थांबली. तिच्या मनात एक वाईट शंका आली. तिने हात पुढे केला, सर्व्हरला खोचलेली सिमकार्डाची डबी उपसून काढली आणि हातात धरली. वायर लोंबकळत होती. तशीच तिने तिसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवली.

पडद्यावर दिमाखात ओळ उमटली: कॉल केला.

"अय्यो शिवा!" शिवकांता म्हणाली.

डबी हातात, आणि म्हणे कॉल केला! स्क्रिप्ट फोन लावायचा प्रयत्न करायची आणि मग, लागो न लागो, 'कॉल केला' असं लिहून मोकळी व्हायची. तिनेच तसं लिहिलं होतं. एवढंच नाही, मध्ये काही बिघडलं तर सर्व्हर जी तक्रार करतो, ती तक्रारही तिने गुपचूप टाकून द्यायला सांगितली होती. का, तर पडदा स्वच्छ दिसावा! आणि त्या ओळीच्या जोरावर सकाळी चारचौघांत एका सरळ माणसाला खोटारडा ठरवलं गेलं. शिवकांताचे कान तापले. तिने मघाशी ती ओळ कशी खणखणीत वाचली होती ते तिला आठवलं आणि तिला रडूच आलं.

"रडती काय बाई सणाच्या दिवशी?" रुद्रम्मा फडकं टाकून उठली.

"माझंच चुकलं गं. बलभीममामा खरं बोलत होते." डोळे पुसायला तिने हात वर केला तर बोटांना लाल लागलेलं. कुंकू. तिने डबी उजेडात धरली. वरच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं, आणि सिमकार्डाच्या खाचेत झेंडूची पाकळी अडकलेली.

"रुद्रम्मा, हिला कुंकू कुणी लावलं?"

"कुनी म्हंजे? बलभीमनंच की. काल खंडेनवमी न्हवती व्हय?"

काल शिवकांता दुपारीच घरी गेली होती. तिच्या घरीही पूजा होती. केंद्रात दरवर्षी खंडेनवमीला आप्पा पाट मांडतात आणि प्रत्येकाने आपापलं हत्यार त्यावर ठेवायचं. रुद्रम्माने रंगवून सांगितलं: फिटरने पाने ठेवले, दूध मापणाऱ्याने मापं, तिने स्वतः नवा झाडू ठेवला. बलभीम घोटाळला. पाना त्याच्याकडेही होता, पण तो म्हणाला, पाना काय कुणाचाही. आणि त्याने जाऊन ही डबी काढून आणली, ओल्या फडक्याने पुसली, पाटावर मधोमध ठेवली. "मला म्हणला, रुद्रम्मा, माझं हत्यार ह्येच. ही हाक मारती म्हणून मी हाय. नारळ बी फोडला तिच्या म्होरं. मग परत हुती तशी लावून टाकली."

होती तशी लावली नव्हती. शिवकांताने ती सर्व्हरच्या मागच्या बाजूला खोचली होती. आज तिने उपसली ती पुढच्या बाजूने. जागा बदलली तसं सर्व्हरच्या लेखी डबीचं नाव बदललं, आणि स्क्रिप्ट बापडी जुन्याच नावाने हाका मारत बसली. म्हणजे बलभीमाला हाक मारणारं तोंड बलभीमानेच, हळदकुंकू लावून, बंद केलं होतं.

शिवकांताला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

मग पदर खोचला. डबीला तिचं स्वतःचं कायमचं नाव दिलं, म्हणजे कुठल्याही भोकात खोचली तरी सर्व्हरने ओळखली पाहिजे. स्क्रिप्टला खरं बोलायला लावलं: समोर रिंग गेली असं डबीने सांगितलं तरच 'रिंग गेली' म्हणायचं, नाहीतर काय अडलं ते लिहायचं. हाताने चालवली, आणि तिचा मोबाइल खणखणला. रुद्रम्माने टाळीच वाजवली.

पण शिवकांता आता दुधाने पोळलेली होती. तिने हाताने चालवली तर चालणारच, ती या सर्व्हरची मालकीण. रात्री उठवणारा राखणदार असतो. तिने सकाळी छोट्या टाकीत सोडलेला सेन्सर बाहेर काढून ग्लासभर कोमट पाण्यात बुडवला आणि राखणदाराला त्याच्या मनाने काम करू दिलं. त्याने टाकी तापल्याचं ओळखलं, स्क्रिप्टला उठवलं, आणि स्क्रिप्टने आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं: रिंग गेली नाही, डबीला हात लावायची परवानगी नाही.

खरंच नव्हती. ती परवानगी तिने राखणदाराला पूर्वी एकदा तात्पुरती दिली होती, आणि डबी उपसली तशी तीही गेली. म्हणजे काल बलभीमाने डबी बरोबर जागी लावली असती तरीही फोन गेला नसता. पूजा नुसती निमित्त झाली होती.

ती परवानगी पक्की करत असतानाच आप्पा आत आले. टँकर भरून गेला होता. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली होती, म्हणजे पारा उतरला होता. शिवकांता उठून उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. स्क्रिप्ट तिची, चूक तिची, मामांना फोन गेलाच नव्हता.

"आन् डबी कुनी हलवली?"

शिवकांता थबकली. नाव घेतलं की पुन्हा सगळं त्याच्यावर येणार. पण रुद्रम्मा कशाची थांबते!

"तुमीच सांगितलं न्हवं काल आप्पा, ज्याचं पोट ज्याच्यावर त्यानं त्ये पाटावर ठिवा म्हणून? त्यानं ठिवलं."

आप्पा खुर्चीत बसले. टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, "त्यो नारळ मीच त्याच्या हातात दिला हुता." आणि थोड्या वेळाने, "पुजेचं त्याच्या कानावर घालू नका कुनी. पुन्यांदा डबीला हात लावायचा न्हाय त्यो."

"सांगायची गरजच नाही आप्पा. आता ती कुठंही लावली तरी चालते. पुढच्या वर्षी त्यांनी खुशाल तिला हार घालावा."

"फुडल्या वर्षी इल का पन त्यो?" आप्पांनी टेबलावरच्या किल्ल्यांकडे पाहिलं. "मी त्याला सणाच्या दिवशी हाकलला. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्या दारात? कस्तुराबाई उभं करील का मला?"

शिवकांताने ग्लासातलं गार झालेलं पाणी ओतून दिलं. ती म्हणाली, "आप्पा, एवढं एक बघून घ्या. मग आपण दोघंही जाऊ. मीही मघाशी तोंड उघडलं नाही, मलाही माफी मागायची आहे. आता बघा हं, माझा फोन वाजेल." तिने ग्लासात ताजं कोमट पाणी ओतलं, सेन्सर बुडवला आणि मोबाइल आप्पांच्या पुढ्यात ठेवला.

तिघंही मोबाइलकडे बघत राहिली. आप्पा तर असे वाकून बघत होते की जणू अंडं फुटून पिल्लूच बाहेर येणार आहे. मोबाइल वाजला नाही.

"न्हाय झालं व्हय?" आप्पा हळूच म्हणाले.

शिवकांताचा चेहरा पडला. तिने पडद्याकडे पाहिलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: टाकी तापली. रिंग गेली. आता पुन्हा खोटं? एवढं सगळं करून? ती टाइप केलेली ओळ न् ओळ तपासायला लागली आणि राखणदाराच्या फायलीत नंबरापाशी येऊन तिचं बोट थांबलं. हाताने चालवताना ती स्वतःचा नंबर देत होती. राखणदाराकडे नंबर होता तो एकच. तो तिने कधी बदललाच नव्हता.

"आप्पा," ती म्हणाली, पण तोपर्यंत मागचं दार धाडकन उघडलं होतं.

बलभीम धावत आत आला. अंगात नवा सदरा, कपाळावर टिळा, पायात काही नाही. उजवा हात खरकटा, बोटांना पुरण आणि तूप लागलेलं, आणि तो हात त्याने कशाला लागू नये म्हणून वर धरलेला. आप्पा वाटेत होते, त्यांना बाजूला सारून तो पुढे गेला. आपण कुणाला सारलं हे त्याला कळलंही नाही.

"लाइट गेली काय? किती तापली?" असं म्हणत त्याने डावा हात टाकीवर ठेवला, कान लावला. मशीन घरघरत होतं. टाकी गार होती. तो गोंधळून शिवकांताकडे वळला. "ताई, फोन आला की ओ. टाकीचाच हुता. पर ही तर गार हाय."

"मामा, मी तपासत होते," शिवकांता कसंबसं म्हणाली. "तुम्ही खरं बोलत होता. रात्री फोन गेलाच नव्हता. माझी ओळ खोटी होती. मी सकाळी गप्प बसले, मला माफ करा."

बलभीमाला धाप लागली होती. तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग त्याला आप्पा दिसले, टेबलावरच्या किल्ल्या दिसल्या, आणि आपण इथलं काम सकाळीच सोडलं आहे हे त्याला आठवलं. त्याने टाकीवरचा हात काढून घेतला.

"न्हाय, फोन वाजला म्हणून आलो," तो ओशाळून म्हणाला. "चालतो मी."

"थांब." आप्पांनी त्याच्या खरकट्या हाताकडे पाहिलं. "जेवत हुतास?"

"व्हय."

"भरल्या ताटावरनं उठून आलास?"

"टाकीचा फोन हुता की, आप्पा."

आप्पा वळले. कोपऱ्यातल्या माठापाशी गेले, तांब्या बुडवून भरला आणि मोरीपाशी येऊन उभे राहिले. या केंद्राला इतकी वर्षं झाली, पण आप्पांना कुणी स्वतःचं पाणी स्वतः घेताना पाहिलं नव्हतं. रुद्रम्मा पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

"हात कर म्होरं."

"आप्पा, तुमी नगा. मी धुतो की..."

"हात कर म्हणतो न्हवं."

बलभीमाने खरकटा हात पुढे केला. आप्पांनी टोपी काखेत मारली, जरासे वाकले, आणि त्याच्या बोटांवर हळूहळू पाणी ओतत राहिले.